स्ट्रीम प्रोसेसिंगसाठी लँग्वेज कुठली घ्यायची: सांगली-साताऱ्याच्या नवख्या पोरापोरींसाठी

पायथन शिकू का जावा, का गो बरी पडेल, का आता सगळे रस्ट रस्ट करतायत तर थेट तीच घेऊ, हा प्रश्न शेवटच्या वर्षाच्या पोरांकडून हमखास येतोय. माझं सरळ म्हणणं असंय की स्ट्रीम प्रोसेसिंगमध्ये, म्हणजे डेटा जसजसा येतोय तसतसं त्यावर काम करण्यात, लँग्वेज सगळ्यात शेवटी ठरवायची. आधी काम काय ते बघायचं, मग त्या कामात मागचं किती लक्षात ठेवावं लागतंय ते बघायचं, त्यावरून इंजिन, म्हणजे ते काम चालवणारं तयार सॉफ्टवेअर, ठरतंय, आणि इंजिन ठरलं की लँग्वेजचे दोन-तीनच पर्याय हातात राहतात. त्यातनं निवडायला डोकं लागत नाही.

उदाहरण आपल्याच नदीचं घेऊ. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेला मिळतंय, मग बहे, ताकारी, भिलवडी करत सांगलीत आयर्विन पुलाखाली येतंय. आयर्विनला ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ म्हणजे धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं हे इथं कुणाला सांगायची गरज नाही. समजा या प्रत्येक पुलावर एक सेन्सर बसवलाय, तो ठराविक वेळाने पातळी पाठवतोय, आणि तुम्हाला त्यावर अलर्ट काढायचाय. सेन्सर काल्पनिक आहेत, पण अडचणी एकदम खऱ्या येतात.

पायरी १: स्ट्रीम खरंच लागतंय का ते बघा

कागद घ्या आणि हिशोब करा. ७ पूल, दर १५ मिनिटांनी एक रीडिंग, म्हणजे एका पुलाची दिवसाला ९६ आणि सगळ्यांची मिळून ६७२ रीडिंग. एवढ्यासाठी काफ्का (येणारे इव्हेंट रांगेत साठवणारं सॉफ्टवेअर), फ्लिंक (त्यावर प्रोसेसिंग करणारं इंजिन) काही लागत नाही, क्रॉनमधून (ठरल्या वेळी प्रोग्राम चालवायची सोय) चालणारी पन्नास ओळींची पायथन स्क्रिप्ट आणि पोस्टग्रेस डेटाबेसमधलं एक टेबल पुरे. हे ऐकून नवी पोरं नाराज होतात, पण नोकरीत सुद्धा हे सांगता आलं पाहिजे की बाबा इथं गरज नाही.

आता दुसरा हिशोब. १ लाख वीजमीटर, प्रत्येकाचं १५ मिनिटांनी रीडिंग, म्हणजे दिवसाला ९६ लाख. मोठा आकडा वाटतोय, पण सेकंदाला भागलं तर साधारण १११ येतात, आणि हे पायथनही आरामात ओढतंय. गोम अशी की मीटर काही सेकंदाला १११ असे शिस्तीत येत नाहीत, सगळे बरोब्बर सव्वा, साडे, पावणेच्या ठोक्याला एकदम येतात. म्हणून सरासरी बघून लँग्वेज ठरवू नका, गर्दीच्या वेळचा आकडा बघा, आणि ती गर्दी मध्ये काफ्कासारख्या रांगेत थोपवून ठेवता येत असेल तर मग मागची प्रोसेसिंग जरा सावकाश असली तरी चालून जातंय. "पायथन स्लो आहे" हे वाक्य लोक जेवढ्या वेळा फेकतात तेवढ्या वेळा ते खरं नसतंय.

पायरी २: स्टेट किती लागतंय, खरी मेख इथं आहे

इथं मी जास्त वेळ घेणार आहे कारण लँग्वेजचा निर्णय खरा इथंच लागतोय.

पातळी मीटरमध्ये आली, फुटात बदलली, पुढं ढकलली. या कामात मागचं काही आठवावं लागत नाही, प्रत्येक इव्हेंट आपला आपला. अशा कामाला कुठलीही लँग्वेज चालते, पायथन, गो, नोड, जी येते ती घ्या आणि लिहून मोकळे व्हा.

आता काम जरा बदलू. "४० फूट ओलांडलं की एकदाच मेसेज पाठवा." एकदाच म्हणजे आधी पाठवलाय का हे लक्षात ठेवलं पाहिजे. शिवाय पाणी ३९.९, ४०.१, ३९.९ असं लाटांनी हलत असतंय, मग दर वेळी मेसेज जायचा, म्हणून ३९ च्या खाली आल्याशिवाय पुन्हा अलर्ट मोकळा करायचा नाही असा नियम लावावा लागतोय. मग कुणीतरी म्हणणार की मागच्या तीन तासात किती फूट वाढलं ते दाखवा. मग अजून कुणी म्हणणार की कराडची वाढ आणि भिलवडीची वाढ जोडून दाखवा. प्रत्येक वेळी लक्षात ठेवायचा माल वाढत जातोय, आणि या मालालाच स्टेट म्हणतात.

साध्या पायथन कन्झ्युमरमध्ये (काफ्कातून इव्हेंट वाचणारा प्रोग्राम) पोरं काय करतात, एक डिक्शनरी घेतात आणि पुलाच्या नावाखाली शेवटची रीडिंग ठेवतात. चालतंय. मग प्रोसेस मरते, परत उठते, डिक्शनरी रिकामी, आणि आयर्विन ४२ वर असताना "४० ओलांडलं" हा मेसेज परत गावभर जातो. मग पोरगं रेडिस (प्रोसेसच्या बाहेर डेटा ठेवणारा सर्व्हर) लावतंय. मग रेडिसमध्ये लिहिलं पण काफ्काचा ऑफसेट (कुठपर्यंत वाचलं त्याची खूण) कमिट व्हायच्या आधी प्रोसेस मेली, तर तेच रीडिंग दोनदा मोजलं जातंय. हे एकेक भोक बुजवत बुजवत तुम्ही फ्लिंकचीच एक कच्ची नक्कल लिहीत बसता.

फ्लिंक हे स्वतः करतंय. ठराविक वेळाने सगळ्या स्टेटचा चेकपॉइंट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, काढतंय, आणि पडलं तर तिथनं उचलून पुढं चालू. काफ्काची स्वतःची लायब्ररी काफ्का स्ट्रीम्स, ती स्टेट जवळच्या रॉक्सडीबी या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवते आणि त्याची नोंद काफ्काच्याच एका टॉपिकमध्ये (नाव दिलेली रांग) लिहून ठेवते, त्यामुळं मशीन गेलं तरी दुसऱ्या मशीनवर स्टेट परत उभं राहतंय. एक्झॅक्टली वन्स, म्हणजे प्रत्येक इव्हेंट बरोबर एकदाच मोजला जाणं, पाहिजे असेल तर काफ्का स्ट्रीम्समध्ये एका सेटिंगचं काम आहे. पायथनच्या कन्फ्लुएंट क्लायंटमध्ये (काफ्काशी बोलणारी पायथन लायब्ररी) ट्रान्झॅक्शनची सोय आहे, नाही असं नाही, पण ऑफसेट आणि आउटपुट एकत्र बांधायचं काम तुमच्या अंगावर. आणि एक सांगून ठेवतो, एक्झॅक्टली वन्स हे काफ्काच्या आतल्या आत असतंय. बाहेर जाणारा एसएमएस तरीही दोनदा जाऊ शकतोय, तिथं वेगळा बंदोबस्त लागतो.

वेळेचं दुखणं वेगळंच. जोराचा पाऊस आहे, भिलवडीचं नेटवर्क गेलं, २:१५ चं रीडिंग ३:४० ला आलं. तुम्ही "आत्ता आलं म्हणजे आत्ताचं" असं धरलं तर पाणी मध्येच उतरलं असा ग्राफ दिसणार, आणि ते भलतंच महागात पडेल. रीडिंग घेतल्याची वेळ म्हणजे इव्हेंट टाइम, आणि उशिरा येणाऱ्यांची किती वाट बघायची ते ठरवणारा म्हणजे वॉटरमार्क. अर्धा तास वाट बघितली तर हे रीडिंग हुकतंय, दोन तास बघितली तर अलर्टच दोन तास लांबतोय. हे गणित कुठलीही लँग्वेज तुमच्यासाठी सोडवत नाही, पण फ्लिंक, काफ्का स्ट्रीम्स, स्पार्क, बीम यांच्यात ते मांडायची भाषा तयार आहे, आणि नुसत्या कन्झ्युमरमध्ये सगळं हातानं लिहायचं.

आणि सगळ्यात अवघड, "जो पूल तासभर गप्प आहे त्याचा अलर्ट द्या." इथं इव्हेंट न येणं हाच इव्हेंट आहे! पुरात सेन्सर गप्प बसला तर तीच मोठी बातमी असते. याला टायमर लागतो. फ्लिंकच्या जावा एपीआयमध्ये प्रोसेस फंक्शन लिहून टायमर लावला की झालं, पायफ्लिंकमध्ये (फ्लिंकचं पायथन रूप) पण जमतंय. नुसत्या एसक्यूएलमध्ये मात्र घाम निघतो.

पायरी ३: आता इंजिन, आणि त्याच्या मागनं लँग्वेज

काफ्का लिंक्डइनमध्ये तयार झालं, २०११ ला ओपन सोर्स झालं, जावा आणि स्कालात लिहिलेलं. फ्लिंकचं मूळ बर्लिनच्या विद्यापीठातल्या संशोधनात, जावाच. स्पार्क स्कालात, तोही जेव्हीएमवरच (जावाचे प्रोग्राम जिच्यावर चालतात ती व्हर्च्युअल मशीन). त्याआधीच्या स्टॉर्मचा गाभा क्लोजरमध्ये होता, म्हणजे परत जेव्हीएम. या सगळ्या क्षेत्राची वस्ती जेव्हीएमवर झालेली आहे, म्हणून एरर आली की तीस ओळींचा जावाचा स्टॅकट्रेसच तोंडावर येतो, तुम्ही पायथनमधनं का चालवेना.

तरी इंजिन ज्यात लिहिलंय त्यातच तुम्ही लिहायचं असं काही नाही. रायझिंगवेव्ह आणि मटेरियलाइझ ही इंजिनं रस्टमध्ये आहेत, पण त्यात तुम्ही लिहिता एसक्यूएल, जोडता पोस्टग्रेसच्या क्लायंटनं. म्हणून "सगळं आता रस्टमध्ये चाललंय, रस्ट शिकतो" असं म्हणणाऱ्याला मी विचारतो की तुला इंजिन बांधायचंय का वापरायचंय.

पायरी ४: एकेक लँग्वेज, थोडक्यात आणि थोडं पक्षपाती

जावा. कंटाळवाणी वाटते, ओळी जास्त लागतात, पण फ्लिंक आणि काफ्का स्ट्रीम्सची नवी सोय पहिल्यांदा इथंच येते आणि डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं पण आधी इथलीच. काफ्का स्ट्रीम्स तर जेव्हीएम सोडून कुठं मिळतच नाही. ती नुसती लायब्ररी आहे, वेगळं क्लस्टर लागत नाही, साध्या जावा प्रोग्रामसारखी चालते, म्हणून शिकायला मला ती फ्लिंकपेक्षा सोपी वाटते. कॉलेजात जावा झालीच असेल, ती फक्त परीक्षेपुरती झालेली असते, तर जेनेरिक्स, लॅम्ब्डा आणि मेव्हन किंवा ग्रेडल एवढं नीट करा. जावा १७ किंवा २१ घ्या, ८ वर आता बसू नका. कॉटलिन येत असेल तर तीही चालते, लायब्ऱ्या त्याच.

स्काला. स्पार्कची जुनी मोठी कामं हिच्यात आहेत आणि भाषा सुंदर आहे यात वाद नाही, पण मार्च २०२५ ला आलेल्या फ्लिंक २.० मधून स्कालाचा एपीआय काढूनच टाकलाय. टीममध्ये आधीच स्काला असेल तरच शिका.

पायथन. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या कारण निम्म्या लोकांना ती माहीत नसते. पायस्पार्कमध्ये (स्पार्कचं पायथन रूप) तुम्ही डेटाफ्रेमचं फिल्टर, ग्रुप, विंडो (वेळेचा ठराविक तुकडा) असं लिहिता तेव्हा पायथन फक्त प्लॅन सांगतंय, खरं काम जेव्हीएममध्येच होतंय, म्हणजे स्कालात लिहिलं काय आणि पायथनमध्ये लिहिलं काय, वेगात फारसा फरक नाही. फरक पडतो तुम्ही स्वतःचं पायथन फंक्शन मध्ये घातलं की. मग प्रत्येक ओळ जेव्हीएममधून पायथनच्या वेगळ्या प्रोसेसकडे जाते, तिकडं काम होतं, परत येते, आणि या ने-आणीतच वेळ जातो. पांडाज यूडीएफ (एकेका ओळीऐवजी गठ्ठ्यावर चालणारं स्वतःचं फंक्शन) वापरून गठ्ठ्यानं पाठवलं तर बरंच सुसह्य होतंय. पायफ्लिंकचं टेबल एपीआय पण असंच. सारांश इतकाच की पायथन वापरा पण स्वतःची फंक्शनं मध्ये मध्ये पेरू नका, जे तयार फंक्शननं होतंय ते त्यानंच करा.

नुसता पायथन कन्झ्युमर लिहायचा तर कन्फ्लुएंटचा क्लायंट घ्या, तो आतून सी मधल्या लिबआरडीकाफ्कावर चालतोय त्यामुळं वेगवान आहे. जास्त वेग पाहिजे तर थ्रेड वाढवत बसू नका, जीआयएलमुळं (एका वेळी एकच थ्रेड चालू देणारं पायथनचं कुलूप) सीपीयूच्या कामात थ्रेडचा फायदा होत नाही, प्रोसेस वाढवा. पण टॉपिकला पार्टिशन (टॉपिकचे वेगळे भाग) जेवढी तेवढ्याच प्रोसेस कामाला लागतात, त्याच्या वरच्या नुसत्या बसून राहतात. मशीन लर्निंगचं मॉडेल चालवायचं असेल तर पायथनला पर्याय शोधत बसण्यात अर्थ नाही. बाइटवॅक्स, क्विक्स स्ट्रीम्स अशा पायथनच्या लायब्ऱ्या आहेत, छोट्या कामाला चांगल्या, पण नवी लायब्ररी घेण्याआधी तिच्या रेपोत शेवटचा बदल कधी झालाय ते बघा. फाउस्ट या पायथन लायब्ररीचं मूळ रेपो असंच थंड पडलं आणि लोकांना दुसऱ्यांनी चालवलेल्या फोर्ककडं जावं लागलं.

एसक्यूएल. लोक हिला लँग्वेज म्हणून धरतच नाहीत, ही चूक. दर तासाची सरासरी, शेवटचं रीडिंग, दोन स्ट्रीमचा जॉइन, हे फ्लिंक एसक्यूएलमध्ये दहा ओळीत होतंय. "सलग तीन रीडिंग वाढली" असला पॅटर्न सुद्धा मॅच रेकग्नाइझनं पकडता येतो. वर सांगितलेल्या टायमरच्या कामाला आलं की जावा काढायची.

गो. सेन्सरकडून डेटा घेऊन काफ्कात टाकायचा, एका रांगेतून दुसऱ्या रांगेत न्यायचा, असल्या कामाला गो झकास, एकच छोटी बायनरी, मेमरी कमी, स्वस्तातल्या सर्व्हरवर पण पळते. पण फ्लिंकच्या तोडीचं स्टेट सांभाळणारं काही गोमध्ये रुळलेलं नाही, त्यामुळं दारावरचं काम गोला द्या, आतलं नको. रस्टचं वर बोललो. आधी दुसरी एखादी लँग्वेज पक्की असेल आणि हौस असेल तर खुशाल शिका.

मग मी काय सांगतो? पायथन येत असेल तर पहिला पंधरवडा पायथन आणि एसक्यूएलवर काढा म्हणजे कल्पना बसतात, नंतर जावाकडं वळा. जावा आधीच येत असेल तर सरळ काफ्का स्ट्रीम्सला हात घाला. पुण्या-बेंगळुरूच्या जाहिराती वाचल्या तर डेटा इंजिनिअरला पायथन-एसक्यूएल-स्पार्क आणि बॅकएंडवाल्याला जावा-काफ्का असंच जोडीजोडीनं मागतात, तेव्हा कुठल्या दारातनं आत जायचंय ते आधी ठरवा.

पायरी ५: दोन लँग्वेज मिसळताना हे बघाच

मोठ्या टीममध्ये एक प्रोड्युसर (काफ्कात इव्हेंट टाकणारा प्रोग्राम) पायथनचा, दुसरा जावाचा असं असतंच. काफ्कात क्रम फक्त एका पार्टिशनच्या आत पाळला जातो, म्हणून आपण पुलाचं नाव "की" (key, म्हणजे इव्हेंटची ओळख) म्हणून देतो, म्हणजे आयर्विनची सगळी रीडिंग एकाच पार्टिशनमध्ये पडतात. पण या "की"वरून पार्टिशन काढायची पद्धत जावा क्लायंटची वेगळी आणि लिबआरडीकाफ्काची मूळ सेटिंग वेगळी, जावा मर्मर२ वापरतंय आणि लिबआरडीकाफ्का सीआरसी३२ (दोन्ही नावावरून आकडा काढायच्या वेगळ्या पद्धती). म्हणजे "आयर्विन" ही एकच key पायथनकडून एका पार्टिशनला आणि जावाकडून दुसऱ्याला जाऊ शकते. क्रम बिघडला, जॉइन जुळेना, आणि एरर कुठंच नाही. लिबआरडीकाफ्काच्या पार्टिशनर सेटिंगला मर्मर२ रँडम लिहा, प्रश्न मिटला. मुलाखतीत हे सांगितलंत तर समोरचा सरसावून बसेल.

पायरी ६: घरच्या लॅपटॉपवर करून बघा

८ जीबीचा लॅपटॉप असेल तर जपून. काफ्का मूळ सेटिंगला १ जीबी हीप मेमरी घेतंय, फ्लिंकचा जॉबमॅनेजर १६०० एमबी आणि टास्कमॅनेजर १७२८ एमबी, वर इंटेलिजे आणि क्रोमच्या टॅबा, झालं, लॅपटॉप तापला. आयडीई हलका घ्या नाहीतर फ्लिंक आयडीईच्या आतच चालवा. डॉकर इमेज आधीच रात्री उतरवून ठेवा, पावसाळ्यात विश्रामबागला काय नि पाटणला काय, लाईट गेली की वायफाय पण जातंय, मग अर्धी उतरलेली इमेज बघत बसायचं.

काम एकच घ्या, पुलांचं. रीडिंग बनवणारी छोटी पायथन स्क्रिप्ट लिहा, त्यात मुद्दाम काही रीडिंग तासभर उशिरा सोडा, काही दोनदा सोडा, आणि एक पूल मध्येच गप्प करा. मग तोच अलर्ट दोनदा लिहा, एकदा साध्या पायथन कन्झ्युमरमध्ये, एकदा काफ्का स्ट्रीम्स किंवा फ्लिंकमध्ये. दोन्ही चालू असताना प्रोसेस मारा, नीट बंद करू नका, किल करा, आणि परत उठल्यावर किती अलर्ट दोनदा गेले ते मोजा. कुठल्या लँग्वेजमध्ये किती ओळी लागल्या यापेक्षा हा आकडा बघा.

फ्लिंकमध्ये एक हमखास अडणार, आत्ताच सांगतो. सगळं बरोबर लिहिलंय, एरर नाही, पण आउटपुटच येत नाही. बहुतेक वेळा एखादं पार्टिशन रिकामं असतंय, तिथनं काही येत नाही म्हणून वॉटरमार्क पुढं सरकत नाही, आणि विंडो बंदच होत नाही. आयडलनेसची सेटिंग द्या, म्हणजे गप्प पार्टिशनसाठी बाकीचे थांबून राहत नाहीत. तुमची स्क्रिप्ट थांबली की शेवटची विंडो पण अशीच लटकते, ती एरर समजू नका, अजून दोन-चार रीडिंग पुढच्या वेळेची सोडा, निकाल पडेल.

व्हिडिओ बघून शिकत असाल तर आधी तारीख आणि व्हर्जन बघा. पहिल्याच पाच मिनिटात झूकीपर (काफ्काला पूर्वी सोबत लागणारं वेगळं सॉफ्टवेअर) चालू करायला सांगतोय तर व्हिडिओ जुना, काफ्का ४.० पासून म्हणजे मार्च २०२५ पासून झूकीपर नाहीच. फ्लिंकमध्ये जुना डेटासेट एपीआय शिकवतोय, बंद करा. स्पार्कमध्ये जुनं डीस्ट्रीम शिकवतोय, तेही बंद करा, स्ट्रक्चर्ड स्ट्रीमिंगवाला शोधा.